कोणाच्या हातचं घ्यायचं नाही

शिकलेल्या माणसांची एक खोड मी आयुष्यभर पाहत आलो. नवीन माणूस दारात आला की ते त्याला जगातलं सगळं सांगतात, फक्त संडास कुठे आहे ते सांगत नाहीत.

मी नागपुरात एका शेतकी कॉलेजच्या होस्टेलात आचारी होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिथले दोन साहेब अजून हयात आहेत आणि सकाळी काठी टेकत आमच्याच गल्लीतून फिरायला जातात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथीत दोन वर्षं बसलो, म्हणजे पाच वर्षांचं शिक्षण झालं असंच मी धरतो. गाव पारशिवनीकडचं. घरी कोरडवाहू जमीन आणि आम्ही चार भाऊ, म्हणून मी नांगर सोडून कढई धरली. लग्नाकार्याचा स्वयंपाक करत करत या होस्टेलच्या चुलीपाशी आलो आणि तिथेच राहिलो. मेसच्या मागे एक खोली मिळाली होती, तीत मी आणि बायको. पोट्टे मला मामा म्हणत आणि तिला मामी.

माझ्या हातून चूक होत नसे. होतही असेल, पण मी कबूल केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. वरण खारट झालं तर मी सांगायचो, आज तुम्ही उन्हात खेळलात, घामात मीठ गेलं, म्हणून मुद्दाम टाकलं. पोळी करपली तर ती दाताला चांगली. पोट्टे हसत, पण खात. ज्याच्या हातात पळी त्याच्याशी वाद घालू नये, एवढं शेतकी पदवीच्या पहिल्या वर्षालाच कळतं.

दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन साऱ्या मुलखाची जीभ बोथट झाली होती, त्याच्या थोडं नंतरची ही गोष्ट. आमच्या कॉलेजात सेमिस्टर नावाची नवीन भानगड आली. आधी कसं होतं, जुलैत पोट्टे भरायचे आणि एप्रिलचं ऊन तापलं की गावी पळायचे. वर्षाला एक पीक. आता साहेब लोकांनी दोन पिकं काढायचं ठरवलं आणि जानेवारीतही भरती सुरू केली. अशा मधातच आलेल्या पोट्ट्यांना मी रब्बीचे म्हणायचो. रब्बीच्या पोट्ट्याचे हाल कुत्रं खात नसे. त्याच्याआधी सहा महिने सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या, खिडकीजवळच्या खाटा गेलेल्या, कोणाला काय नावानं चिडवायचं ते ठरलेलं. हा बिचारा पेटी घेऊन व्हरांड्यात उभा, आणि लोक त्याच्या अंगावरून पाहतात, जसं काही त्या जागी नवीन खांब उभा केला आहे.

त्या जानेवारीत चार रब्बीचे आले. तिघं आपल्याच इकडचे. चौथा सुदानचा. सुदान कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. रेक्टर साहेबांनी भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून दाखवलं, तेव्हा मला एवढंच कळलं की ते पारशिवनीच्या बाजूला नाही. पोरगा उंच इतका की मेसच्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला पहिल्याच दिवशी लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. तिसऱ्या दिवसापासून तो वाकून यायला लागला आणि पोट्टे एकमेकांना म्हणाले, पाहा, किती नम्र आहे.

तो खरं तर जुलैतच यायचा होता. त्याचे कागद कुठल्याशा टेबलावर सहा महिने झोपा काढत होते आणि तो घरी वाट पाहत बसला होता. आला तेव्हा अंगात एक पातळ सदरा. आमच्याकडे जानेवारीत पहाटे चुलीपासून हात लांब गेला की बोटं आखडतात. बायकोने त्याला माझी जुनी शाल दिली. ती त्याला मफलर म्हणून पुरली.

या चौघांसाठी कॉलेजने एक सभा ठेवली. नवीन विद्यार्थ्यांना इथली माहिती द्यायची म्हणून. मी चहा घेऊन गेलो होतो, तो दारातच थांबलो. एक प्रोफेसर साहेब धरमपेठेतून खास सूट घालून आले होते. दीड तास बोलले. सगळं इंग्रजीत. त्यातले शिस्त, संत्रा आणि राष्ट्र हे तीन शब्द मला कळले, कारण ते टेबलावर हात आपटून म्हणाले. आपल्यातला एक पोट्टा झोपला. सुदानी मात्र वहीत सगळं लिहून घेत होता. सभा संपल्यावर त्याने उठून अदबीने काही विचारलं. साहेब म्हणाले, ऑफिसात चौकशी करा. ऑफिस त्या दिवशी बंद होतं. त्याने काय विचारलं होतं ते मला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं. मी त्याचा हात धरला आणि मागच्या व्हरांड्याच्या टोकाला नेऊन सोडलं. परत आला तेव्हा असा हसला, जसं काही त्या दिवशी त्याला मिळालेली पहिली कामाची माहिती हीच होती.

तेव्हाच मी ठरवलं, की यांची खरी सभा आपणच घ्यायची.

चौघांना पुढे घातलं. कोणत्या न्हाणीघराची कडी लागत नाही आणि म्हणून आत गेल्यावर मोठ्याने गाणं म्हणत राहावं लागतं, ते दाखवलं. बंबाचं गरम पाणी साडेपाचला उठणाऱ्याला मिळतं, सहाला उठणाऱ्याला नुसती वाफ दिसते. रेक्टर साहेबांचा कुत्रा भुंकला तर घाबरायचं नाही, गप्प झाला की पळायचं. साहेब भेटले तर नमस्कार लांबूनच करायचा, जवळ गेलं की ते काम सांगतात. सुदान्याला हे सगळं मी हिंदीत सांगत होतो. त्याला हिंदीचे दहा-बारा शब्द येत. त्यांच्या गावात आपले सिनेमे चालत म्हणे. त्यामुळे ‘पानी किधर है’ येत नव्हतं, पण ‘कसम’ आणि ‘माफ कर दो’ येत होतं. बाकी मी हाताने सांगायचो आणि तो मानेने समजायचा.

सगळ्यात शेवटी चौघांना मेसच्या ओट्यापाशी उभं केलं आणि पक्कं बजावलं की होस्टेलात कोणाच्याही हातचं काही खायचं नाही. त्याला कारण होतं. आदल्या वर्षीच्या एका नवीन पोट्ट्याला वरच्या वर्गातल्यांनी पेढा दिला होता, परीक्षेत पास झाल्याचा. त्यात जमालगोटा होता. तो पोट्टा दोन दिवस व्हरांड्याच्या त्या टोकालाच राहायला गेला. त्याचा बाप आला तर भेट तिथेच दाराबाहेरून झाली. म्हणून मी सुदान्यापुढे बोट नाचवून सांगितलं, “किसी के हाथ का कुछ नहीं लेना. कोई बी दे, कितना बी प्यार से दे. समझा?”

“कोई नहीं?”

“कोई नहीं.”

“कसम?”

“हौ, कसम.”

त्याने छातीवर हात ठेवला. मला तो पोट्टा तिथेच आवडला. सांगितलेलं ऐकणारा माणूस मला आवडतो. तसा फार भेटत नाही.

प्रोफेसर साहेबांचा निरोप होता की परदेशी पाहुण्याला डबलरोटी आणि अंडं द्या, आपलं त्याला पचणार नाही. डबलरोटी माझ्या चुलीवर होत नाही. मी ज्वारीची भाकर वाढली. त्याने तुकडा मोडला, वास घेतला, आणि पाच भाकरी खाल्ल्या. मग हाताने दाखवलं, कणीस असं, दाणा असा, आमच्याकडेही हेच. शेतकऱ्याचाच पोट्टा निघाला. मी निरोप आणणाऱ्या शिपायाला सांगितलं, साहेबाले म्हणा पचलं.

आता मेसचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. मेस कॉलेजची नव्हती, पोट्ट्यांची होती. त्यांचा सेक्रेटरी, त्यांचीच बैठक, मी त्यांनी ठेवलेला आचारी. जुलैत आलेला आपोआप मेंबर व्हायचा. मधातच आलेल्याला आठ दिवस पाहुणा म्हणून जेवू घालायचं आणि मग रविवारी बैठकीत हात वर करून ठरवायचं, घ्यायचा की नाही. आणि होस्टेलचा कायदा असा होता की ज्याला मेस नाही त्याला खोली नाही. आपल्या तिघांचं काय, गावात मावशी-काकाकडे राहिले असते. सुदान्याचं या गावात कोणी नव्हतं. रेक्टर साहेबांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, परदेशी विद्यार्थी होस्टेलबाहेर ठेवायची कॉलेजला परवानगी नाही. मेसने घेतलं नाही तर कागद परत पाठवावे लागतील. म्हणजे पोट्टाही परत.

तसं काळजीचं काही नव्हतं. आजवर कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. पण त्या आठ दिवसांत संक्रांत आली.

आमच्या होस्टेलात संक्रांतीला दिवाळीपेक्षा जास्त मान होता. पन्नास पोट्टे एका छताखाली म्हणजे वर्षभरात भांडणं होतच राहणार. कोणाची बादली, कोणाची सायकल, कोणी कोणाच्या चुलत बहिणीला पाहून शीळ घातली. ही सगळी भांडणं संक्रांतीच्या पंगतीत मिटायची. आधी मी परात घेऊन निघायचो, एकेकाच्या हातावर तिळाचा लाडू ठेवायचो, मग ते आपसात द्यायचे. ज्याच्याशी बोलणं बंद त्याच्यापुढे आधी जायचं. त्याने हात पुढे केला की संपलं. नाही केला तर भांडण पुढच्या संक्रांतीपर्यंत चालू. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो सगळे पाळत.

लाडू बायकोने केले होते. सकाळभर गच्चीवर पतंग आणि ‘ओ काट’ची बोंब चालली होती, पोट्टे मांजाने बोटं कापून घेऊन जेवायला आले. मी परात घेऊन निघालो. आपले तिघे नवीन पोट्टे, त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कसम त्यांनाही दिली होती, पण तिळगूळ त्यात येत नाही हे आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मग मी सुदान्यापाशी आलो. त्याच्यासाठी मुद्दाम मोठा लाडू निवडून ठेवला होता.

“घे गा,” मी म्हटलं. “गोड बोल.”

त्याने लाडवाकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हातासकट खातो. आणि मग दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नहीं, मामाजी. कसम.”

मी पुन्हा हात पुढे केला. त्याने पुन्हा मान हलवली, आणि डोळे मिटून घेतले. मेसचा सेक्रेटरी उठून आला. हा मौद्याकडचा, शेवटच्या वर्षाचा. दाट मिशा, आणि निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्यासारखा कायम दुखावलेला. त्याने आपल्या हाताने लाडू पुढे केला. सुदान्याने त्यालाही नाही म्हटलं.

“मामा,” सेक्रेटरी म्हणाला, “आपल्यासंग गोड न बोलाची कसम खाल्ली म्हणते यानं.”

दोघं-तिघं हसले. मला ते हसणं लागलं. मी लाडू परातीत टाकला आणि भरल्या पंगतीत म्हणालो, “याले आता माह्या हातानं चटणीसुद्धा वाढणार नाही मी.”

वाचणाऱ्याच्या आतापर्यंत ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. रागात माणूस बह्याड होतो, आणि मला राग आला की तो वस्तीला राहतो.

त्या सांजेला तो जेवायला आला. मी त्याची ओळ सोडून पुढे गेलो. कोणीतरी त्याच्या ताटात भात टाकला. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी. तो एकदा माझ्याकडे पाहून म्हणाला, “माफ कर दो?” काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं, नुसतं चुकलं एवढं कळत होतं. मी चुलीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आलाच नाही. व्हरांड्यात बसून पाव आणि केळी खाताना दिसला. पोट्ट्यांत ठरलं की रविवारी हात वर करायचा नाही. ज्याला आपल्याशी बोलायचं नाही, त्याला आपल्यात जेवायला कशाला घ्यायचं? सेक्रेटरीने मला येऊन विचारलं. मी म्हटलं, तुमची मेस, तुमचा विचार. आणि वर हेही म्हटलं की मी वाढणार नाही ते नाहीच.

शुक्रवारी दुपारी बायको खोलीबाहेर उन्हात बसून उरलेले तीळ पाखडत होती. मी आतून, मेसच्या खिडकीतून पाहत होतो. सुदानी केळीची सालं टाकायला मागे आला आणि सूप पाहून तिथेच उकिडवा बसला. बायकोने मूठभर तीळ त्याच्यापुढे धरले. त्याने मान हलवली. मी मनात म्हटलं, पाहा, तिलाही नाही म्हणतो, एवढा माज. बायकोने मूठ सुपात रिकामी केली. तर त्याने लगेच सुपातून स्वतःच्या हाताने चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. पुन्हा उचलली. आणि मग हाताने बोलायला लागला. रोप एवढं. बोंडं अशी. वाळून फुटायच्या आत कापायचं, पेंढ्या उभ्या करून ठेवायच्या, मग उलट्या धरून चादरीवर झटकायच्या. मी तीळ पिकवणाऱ्याच्या घरातला माणूस. त्याने ज्या तऱ्हेने ती हवेतली पेंढी झटकली, त्याला शिकवणारा कोणी प्रोफेसर नसतो. मग त्याने ‘माँ’ म्हटलं, आणि तळहातावर काहीतरी थापून वड्या पाडून दाखवल्या. त्याची माय तिळाची वडी करत होती.

बायकोने विचारलं, मग परवा घेतला काहून नाही? हिंदी तिलाही माझ्याएवढीच येते, पण तिचा हात जास्त बोलतो. सुदानी उठून उभा राहिला. पोट थोडं पुढे काढलं, एक हात कमरेवर ठेवला, मान वाकडी केली आणि बोट नाचवून म्हणाला, “किसी के हाथ का कुछ नहीं लेना. समझा?”

असा हुबेहूब मी मला आधी कधी पाहिला नव्हता. पोट एवढं पुढे येतं हेही माहीत नव्हतं.

बायको आत आली. सूप खाली ठेवलं.

“ताटात वाढलेलं खाते तो,” ती म्हणाली. “सुपातलं खाते. हातातलं घेत नाही. कोणं सांगतलं त्याले?”

“अवं, तिळगुळाची गोष्ट वेगळी आहे. येवढी अक्कल नको?”

“सुदानात संक्रांत असते?”

“मले काय मालूम.”

“मंग त्याले काय मालूम?”

मी लाकूड चुलीत सारलं. ती म्हणाली, “जा आन सांगा पोट्ट्यायले.”

“कळन त्यायले आपोआप.”

“आपोआप तर वरणही शिजत नाही,” ती म्हणाली, आणि दोन दिवस तिने या विषयावर एक शब्द काढला नाही. तिची ही पद्धत मला सगळ्यात जड जाते.

मी खरं सांगतो, मला वाटलं होतं की बोलल्याशिवाय भागेल. हे कोणाला माहीत होतं? मला, बायकोला आणि त्याला. तो सांगू शकत नव्हता, बायको सांगणार नव्हती. शनिवारी मी सेक्रेटरीला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, घेऊन टाका गा त्या पोट्ट्याले, लहान आहे.

“माह्यापेक्षा वर्षानं मोठा आहे तो, मामा.”

“अंगानं मोठा. अकलेनं लहान.”

“तुमीच म्हणलं न, वाढणार नाही म्हणून?”

“म्हणलं तर काय झालं.”

“मत काहून बदललं मंग?”

मी म्हटलं, “थंडी आहे.”

तो मिशीला हात लावून निघून गेला.

रविवारी जेवणाआधी बैठक भरली. आपले तिघे नवे पोट्टे दोन मिनिटांत पास झाले, टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरीने सुदान्याचं नाव घेतलं. घेतलं म्हणजे जमेल तसं घेतलं. तो स्वतः बाहेर पायरीवर बसला होता. उमेदवाराने आत बसायचं नाही असा नियम. उघड्या दारातून मला त्याचे लांब पाय दिसत होते आणि पायाशी पत्र्याची पेटी. पेटीला त्याने दोरी बांधली होती. गाठीवर गाठ. ती इथे पुन्हा सोडायचा विचार असलेला माणूस अशी गाठ मारत नाही.

“ज्यायले हा मेंबर पाहिजे त्यायनं हात वर करा.”

तीन हात वर गेले. ते तिघं नवेच. बाकी सगळे आपल्या चपलांकडे पाहत बसले. पोट्टे वाईट नव्हते. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं, पण अपमान झाला की माणसाला तो पुरवून पुरवून वापरावासा वाटतो.

मी पळी हातात घेऊनच बाहेर आलो.

“थांबा. त्याले मी सांगतलं होतं.”

“काय?”

“कोणाच्या हातचं घेऊ नको म्हणून. कसम देल्ली होती. तुमच्या जमालगोट्याच्या पायी.”

आधी मागच्या ओळीत एकाला कळलं आणि तो हसत खालीच बसला. मग सगळी मेस हसायला लागली. सेक्रेटरी मात्र हसला नाही. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“म्हंजे तो तुमचंच ऐकून राहिला होता. आन तुमीच त्याले पंगतीतून उठवलं.”

“उठवलं नाही. वाढलं नाही फक्त.”

“चूक कोणाची मामा?”

“जमालगोटा देणाराची.”

“तो मागच्या वर्षी. या वर्षीची कोणाची?”

“त्या दिवशी धूर लय झाला होता चुलीत.”

“मामा.”

पन्नास पोट्टे वाट पाहत होते. इतकी वर्षं यांनी माझं खारट वरण मुकाट्याने गिळलं होतं आणि आज त्यांच्या हातात मी सापडलो होतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही सोडलं नसतं. वाटलं, पळी टाकावी आणि पारशिवनीची बस धरावी. चूक कबूल करावी लागेल म्हणून मी एकदा थोरल्या भावाशी सहा वर्षं बोललो नाही, आणि चूक माझी होती हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. पण दारातून ती दोरी दिसत होती.

“चुकलो,” मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. मला वाटतं त्यांना अपेक्षाच नव्हती. सेक्रेटरीने सावरून कानाला हात लावला. “काय म्हणलं मामा? मागच्यायले आयकू नाही आलं.”

“चुकलो म्हणलं. आता तिसऱ्यांदा इचारलं तर चूल पेटणार नाही आज.”

हात वर गेले. मोजावे लागले नाहीत. सगळ्यात शेवटी सेक्रेटरीने आपला हात वर केला, आणि वर करताना मिशीत काहीतरी पुटपुटला. ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

बायको दारामागेच उभी होती, हातात डबा घेऊन. म्हणजे तिला सगळं आधीच माहीत होतं. मी डब्यातला लाडू उचलला आणि पायरीवर गेलो. म्हटलं, “चल बे, अंदर.” तो उठला. मी लाडू पुढे केला, तर त्याचे हात पुन्हा पाठीमागे. “कसम, मामाजी.”

“कसम छोड दी. मेरी गलती थी.” हिंदीत म्हटलेलं मी मोजत नाही.

त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, मग हात पुढे केला. लाडू एका घासात गेला. मागून पोट्टे आले. ज्याच्याकडे संक्रांतीचा जो काही चुरा उरला होता तो घेऊन आले, आणि तो प्रत्येकाच्या हातचं घेत गेला, न थांबता, चार दिवसांचं राहिलेलं. पेटीची दोरी शेवटी सुटली नाही, विळीने कापावी लागली.

त्या दिवशी मी त्याला स्वतः वाढलं. सात भाकरी झाल्या.

यानंतर होस्टेलात मला कोणी नुसतं मामा म्हटलं नाही. मी चुकलोमामा झालो. पहिले काही दिवस मी ओ देत नव्हतो. पण पन्नास तोंडं एकच नाव घेतात तेव्हा कान किती दिवस बंद ठेवणार? ते पोट्टे पास होऊन गेले, नवे आले. का म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं, तरी म्हणत. आणि सुदानी तर चार वर्षं मला मोठ्या अदबीने चुकलोजी म्हणायचा. तो माझं नाव तेच समजत होता. बायको म्हणाली, सांगून टाका त्याले. मी म्हटलं, मी त्याले आता काहीच सांगत नाही.

तो पदवी घेऊन गेला. दीड-दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, एका पोट्ट्याने वाचून दाखवलं. लग्न झालं होतं, सरकारी शेतीच्या खात्यात लागला होता, तीळ त्या वर्षी चांगला आला होता. मामींना नमस्कार होता. पाकिटावर पत्ता होता, श्री. चुकलो मामा, होस्टेल मेस, नागपूर. माझं खरं नाव कुठेच नाही. पोस्टमनने सायकल टेकवली आणि पाकीट सरळ माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, “काहून गा, हे माहंच कशावरून?”

“दुसरा कोण आहे इथं?” तो म्हणाला आणि घंटी वाजवत गेला.

त्याच्याशी मी आठ दिवस बोललो नाही.